टाच, सपाता आणि फणसवाडी

दोन हजार तेवीस साल. मला अडुसष्टावं चालू होतं आणि माझी उजवी टाच माझं ऐकेनाशी झाली होती. बाकी अंग ऐकत होतं. छाती ठणठणीत, गुडघे ठणठणीत. दम तर असा की डिलाईल रोडच्या आमच्या चाळीतली पोरं वरच्या माळ्यावर येऊन धापा टाकायची, तेव्हा मी त्यांच्यासमोर उभा राहून गप्पा मारायचो. फक्त टाच.

मी धावायला लागलो साठीनंतर. शाळा चौथीपर्यंत. पुढे गिरणीत, साचेखात्यात, मागांसमोर दिवसभर उभा. गिरणी गेली तेव्हा परळच्या एका ऑफिसात शिपाई झालो, तिथंही उभाच. रिटायर झाल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज चाला. थोडे दिवस चाललो. पण बागेत सगळे म्हातारे चालत होते. त्यांच्यात मी काही शोभत नव्हतो. म्हणून एके दिवशी धावलो, आणि मग थांबलोच नाही.

त्यात मी एक रिवाज पाडला. माझी थोरली बहीण फणसवाडीत राहते. दर भाऊबीजेला मी तिच्याकडे धावत जातो. सरळ रस्त्यानं फणसवाडी जवळ. त्याला काय धावणं म्हणायचं? म्हणून आधी उलटा दादरला जातो, तिथून वरळी, हाजीअली, पेडर रोडचा चढ, चौपाटी आणि मग फणसवाडी. ताई खिडकीत बसलेली असते. मी दिसलो की अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडते, "आला गं माझा घोडा!" त्या एका हाकेसाठी मी वर्षभर धावतो हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

तर टाच. सकाळी उठून पहिलं पाऊल लादीवर टेकवलं की खालून खिळा ठोकल्यासारखं व्हायचं. मोरीपर्यंत भिंत धरून जायचं. जरा वेळानं कमी झालं की मी बूट घालून बाहेर. संध्याकाळी परत तेच. वीट तापवली, वर रुईची पानं टाकून टाच शेकली. तेल चोळलं. मुलानं महागडे बूट पाठवले, तेही घातले. पावसाळा गेला, गणपती गेले, दसरा झाला, टाच आहे तिथंच. दादरपर्यंत गेलो तरी परत येताना लंगडायचो. आणि भाऊबीज तोंडावर आली.

शेवटी बायकोनं मला ओढत परळच्या एका दवाखान्यात नेलं. व्यायाम शिकवणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची. तिनं पाय हातात घेऊन अंगठ्यानं बरोबर तिथंच दाबलं. मी ओरडलो नाही, पण तिला कळलं.

"आजोबा, बूट चांगलेत तुमचे. घरात काय घालता?"

"घरात? लुंगी."

"पायात हो!"

"पायात काय घालायचं? घर आहे ते."

ती हसली आणि मग तिनं समजावलं. टाचेखाली एक जाड पट्टा असतो, तो सुजलाय. धावताना त्याला मऊ बूट मिळतात, उरलेला सगळा दिवस नुसती टणक लादी. मग तो बरा कधी होणार? घरातही मऊ चप्पल घाला. सकाळचं पहिलं पाऊल चपलेतच टाका. शिवाय पायरीवर उभं राहून पोटऱ्या ताणा.

"पोटऱ्या ताणतो," मी म्हटलं. "चपलेचं नाव काढू नका."

आमची खोली एकच. झोपायची जागा तीच, जेवायची तीच, आणि कोपऱ्यात देव. उंबऱ्याच्या आत चप्पल माझ्या बापानं आणली नाही, मी आणली नाही. टाचेसाठी आणू?

दुसऱ्याच दिवशी बायको खोका घेऊन आली. आत मऊ सपाता. माझ्या मापात फक्त बायकांच्याच होत्या म्हणे, त्यामुळे गुलाबी. तिनं त्यांना हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि अंथरुणाशी मांडल्या. मालवणीत तिच्याशी भांडायची माझी टाप नाही, तरी भांडलो.

"गो, देवासमोर चपला?"

"ह्या सपातांनी अजून रस्तो बघूक नाय. मगे ती चपला कशी? पायपुसणा घरात चलता मा? तशीच ही. मी देवाक विचारलंय."

"आणि देव काय म्हणालो?"

"म्हणालो, तुझ्या घोवापेक्षा मी बरो, मी तरी ऐकतंय."

तरी मी हट्टानं अनवाणीच राहिलो. तिसऱ्या सकाळी भिंत धरून मोरीकडे निघालो, तर चुलीपाशी पाठ करूनच ती बोलली, "ह्या वर्षी टॅक्सी करूया. ताईंका फोन करून सांगतंय, तुमचो भाव आता थकलो."

मी मागे वळलो आणि पाय सपातांत घातले. कापसात पाय ठेवल्यासारखं वाटलं. तिला म्हटलं, "काय विशेष नाय."

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत खिळ्याची टाचणी झाली होती. भाऊबीजेला पहाटे निघालो. सपाता पिशवीत घालून पाठीला बांधल्या, कारण ताईकडेही लादीच. वरळीपर्यंत टाच गप्प होती. पेडर रोडच्या चढाला बोलायला लागली. मी चाललो नाही. हळू धावलो. इतका हळू, की एक दूधवाला सायकल हातात धरून चालत माझ्या पुढे गेला. त्यानं मागे वळून बघितलं. मी त्याला हात केला, जा बाबा.

चौपाटीवर वारा लागला आणि एकदम हसू आलं. वाडीत शिरलो तर खिडकीतून हाक आलीच. आजूबाजूच्या खिडक्याही उघडल्या.

दारात बूट काढले, सपाता चढवल्या आणि आत पाऊल टाकलं.

"अरे गाढवा! चपला घालून घरात? आणि बायकोच्या?"

मी टाचेचं दुखणं आणि बायकोचं सगळं म्हणणं, देवाच्या उत्तरासकट, ऐकवलं. ताईच्या सुना पदरात तोंड घालून हसत होत्या. ताईनं मला पाटावर बसवलं, रागारागात ओवाळलं. मी तबकात पाकीट ठेवलं. तिनं खाली वाकून विचारलं, "सकाळी उठल्या उठल्या दुखते?"

"हो."

"खिळा टोचल्यासारखी?"

"तुला कसं माहीत?"

"पाच वर्षं झाली. मला वाटलं, वयच झालं."

तिनं सपाता ओढून घेतल्या, हातानं झटकल्या, पायात घातल्या. स्वयंपाकघरात गेली, आली. खिडकीपर्यंत गेली, आली. ती भिंतीला धरून चालते हे मी इतकी वर्षं बघत होतो, आणि आता तिचे दोन्ही हात मोकळे होते. मग माझं पाकीट उचलून माझ्याच खिशात कोंबलं.

"ही ओवाळणी मिळाली मला. तू जेव, आणि जा बसनं."

बसनं घरी आलो. बायकोनं माझ्या अनवाणी पायांकडे बघून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोज्यांवर मोजे चढवून उठलो आणि नाक्यावरच्या चपलांच्या दुकानाचं शटर वर जायच्या आधीच त्याच्या पायरीवर जाऊन बसलो. मालक कुलूप काढायला वाकला तेव्हा म्हटलं, "शेट, आधी मला."