टीचभर कारंजे

पारिसा बोरगावे याने आयुष्यातली अडतीस वर्षे एका कारंज्याची राखण केली. ते कारंजे जेमतेम टीचभर उडायचे, आणि पारिसामुळेच टीचभर उडायचे, हे निपाणीच्या तंबाखूपेठेत सगळ्यांना ठाऊक होते. पोरासोरांनी त्याचे नावच 'टीचभर अण्णा' पाडले होते. पारिसा उंचीनेही बेताचाच, त्यामुळे नाव चिकटले ते चिकटलेच. तो कधी रागावला नाही. उलट कुणी नव्या माणसाने कारंजे कुठे आहे असे विचारले, तर तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "खाली बघत जावा, दिसंल."

कारंजे पेठेत आणले पद्माक्कांनी. पद्माक्का म्हणजे तंबाखूच्या मोठ्या वखारीच्या मालकीणबाई, तरुणपणीच विधवा झालेल्या. १९०९ साली बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. बाईमाणसाने लिलावात जाऊ नये असे ज्यांना वाटत होते त्यांना पद्माक्कांनी विचारलेच नव्हते. तांब्याचे हंडे आणायला म्हणून गेल्या आणि तीन बैलगाड्यांत ओतीव लोखंडाचे कारंजे घालून घेऊन आल्या. तीन बगळे माना वर करून उभे, त्यांच्या मधोमध तोटी, खाली दगडी कुंड आणि कुंडाला पाणी प्यायला चार गोमुखे. नवऱ्याच्या नावाने ते चौकात बसवायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाडीवानांना, बाजारकरूंना त्याचे पाणी मिळावे, असे त्यांच्या मनात होते.

पेठेच्या वरच्या अंगाला माळ आहे. तिथे जुनी पायऱ्यांची विहीर होती. तिच्या काठी हौद बांधला, विहिरीवर रहाट बसवला आणि हौदापासून चौकापर्यंत नळ टाकला. कॅम्पातल्या फिटरने हिशेब करून सांगितले, पाणी दोन पुरुष उंच उडेल. हौदाची आणि कारंज्याची निगा राखायला पद्माक्कांनी आपल्याच वखारीतल्या बावीस वर्षांच्या पारिसाला नेमले. तो नेमस्त, देवळात जाणारा आणि पाण्याच्या बाबतीत तर फारच काटेकोर.

काटेकोर म्हणजे कसा, तर जैनांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत. दुहेरी फडक्यातून गाळायचे, मग फडक्यात राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते फडके गाळलेल्या पाण्यात हलक्या हाताने खळबळून ते पाणी ज्या विहिरीचे त्या विहिरीत नेऊन सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. पारिसाची आई भर पावसातसुद्धा जिवाणी सोडायला विहिरीवर जायची. कारंज्याचे ऐकून ती म्हणाली होती, "पाणी उगंच हवंत उडवायचं? आन् त्येबी न गाळता?"

पद्माक्कांनाही तीच टोचणी होती. नळ टाकून झाल्यावर त्यांनी पारिसाला बोलावून घेतले.

"माझ्या दारचं पाणी आजवर कुणी बिनगाळलं प्यालेलं न्हाय," त्या म्हणाल्या. "चौकातलं पाणी बी माझ्याच दारचं. काय समजलास?"

"व्हय आक्का. हौदात नळाच्या तोंडाला गाळणं बांधतो."

"शब्द दे."

पारिसाने शब्द दिला. फिटरला विचारावे, असे दोघांच्याही डोक्यात आले नाही. पाणी गाळायला परवानगी कसली काढायची?

उद्घाटनाचा दिवस उजाडला. पुण्य थोडे जास्तच पदरात पडावे म्हणून पारिसाने पहाटे कोरी करकरीत जाड सुती पासोडी चौपदरी करून नळाच्या तोंडाला आवळून बांधली. चौकात मांडव, ताशा, पेढे. मामलेदारांनी चावी फिरवली. तीन बगळे माना वर करून बसले आणि सगळा गावही माना वर करून बसला. पाण्याचा थेंब आला नाही. फिटर धावत माळावर गेला, हौदात वाकून बघतो तर पासोडी. त्याने कपाळावर हात मारून घेतला. पारिसा खालमानेने म्हणाला, "पाणी गाळतोय, मिस्त्री." शेवटी चौपदरीचे दुपदरी केले, तेव्हा कुठे बगळ्यांच्या मधून एक वीत पाणी वर आले आणि लाजल्यासारखे खाली पडले. लोक हसून हसून बेजार. पारिसाला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. मंडळींनी पद्माक्कांना सांगितले, गाळणे काढा, नाहीतर माणूस बदला. पद्माक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या की. तहान भागायला टीचभर पाणी बास हाय."

तेव्हापासून पारिसाचा दिवस ठरून गेला. सकाळी हौदात उतरायचे, गाळणे सोडायचे, विहिरीच्या बेचाळीस पायऱ्या उतरून जिवाणी सोडायची, धुतलेले गाळणे बांधायचे, मग चौकात येऊन बगळे पुसायचे. गाडीवान गोमुखाला ओंजळ लावून पाणी प्यायचे आणि जाता जाता थट्टा करायचे. आई गेली. लग्न झाले, मुले झाली, मुले वखारीत कामाला लागली. १९२६ साली पद्माक्काही गेल्या. या सगळ्यात गाळण्याला एका दिवसाचा खाडा पडला नाही.

१९३१च्या शिमग्यात बेळगावहून एक बडे साहेब पेठ बघायला येणार असे ठरले. पेठेच्या कमिटीचे चिटणीस तेव्हा केशवराव होते. वकील, मूळचे बेळगावचे, माणूस चांगला, पण पेठेची शान म्हटली की त्यांना दुसरे काही सुचत नसे. ते माळावर आले.

"पारिसा, एक दिवस गाळणं काढ. साहेबांसमोर हे टीचभर पाणी दाखवायचं का?"

"आक्काला शब्द दिलाय, वकीलसाहेब."

"आक्का असत्या तर मी त्यांनाच विचारलं असतं. एकच दिवस. साहेब गेले की बांधून टाक."

पारिसा जागचा हलला नाही. तेव्हा केशवरावांनी धोतर खोचले, स्वतः हौदात उतरले आणि गाळणे सोडून त्याच्या हातात दिले.

ओले फडके हातात घेऊन पारिसा चौकात आला, आणि पहिल्यांदा त्याने आपले कारंजे बघितले. पाणी बगळ्यांच्या चोचींवरून, माडीच्या सज्जावरून वर गेले आणि उन्हात फुटून खाली आले. बायका सज्जात आल्या. म्हातारे टोप्या काढून तुषार अंगावर घेऊ लागले. केशवरावांची नऊ वर्षांची वसुधा परकर वर धरून कुंडाभोवती पळत होती. पारिसाचा ऊर भरून आला. बावीस वर्षे आपण राखतोय ते हे होय, असे त्याला वाटले, आणि इतका आनंद त्याला मुलांच्या लग्नातही झाला नव्हता. त्या दिवशी त्याला कुणी टीचभर म्हणाले नाही.

साहेब गेले. दुसऱ्या दिवशी पारिसा गाळणे घेऊन हौदापाशी उभा राहिला. खालून पोरांचा गलका ऐकू येत होता. उद्या बांधू, असे म्हणून तो परतला. तिसऱ्या दिवशीही तेच झाले. केशवरावांनी नंतर कधी विचारलेही नाही. पुढे पुढे पारिसाने गाळणे घडी करून कोनाड्यात ठेवून दिले. घरात तो पाणी गाळूनच पीत होता. चौकात मात्र अख्खा उन्हाळा, ऐन तहानेच्या दिवसांत, लोक बिनगाळलेले पाणी पीत होते. पावसाळ्यात विहीर गढूळली, तोटी तुंबू लागली, तेव्हा कुठे त्याने गाळणे पुन्हा बांधले. कारंजे टीचभर झाले. लोक हळहळले आणि विसरून गेले.

नारू लगेच दिसत नाही, त्याला वर्ष लागते. पुढच्या उन्हाळ्यात पेठेत एकेकाच्या पायाला फोड यायला लागले आणि फोडातून दोऱ्यासारखा पांढरा किडा. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटू द्यायचा नाही. तुटला की पाय सुजतो आणि कधी कधी कामातून जातो. पेठेत वीसबावीस जणांना नारू झाला. बावीस वर्षांत कारंज्यावर पिणाऱ्यांना कधी झाला नव्हता, हे तोवर कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. बेळगावहून डॉक्टर आला. त्याने विहिरीचे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उन्हासमोर धरले. पाण्यात ठिपक्यांएवढे पांढरे जीव टुणटुण उड्या मारत होते.

"नारूची पिल्लं यांच्या पोटात असतात," डॉक्टर म्हणाला. "दुहेरी फडक्यातनं हे जात नाहीत. पाणी गाळून प्यायलं असतं तर काही झालं नसतं."

पारिसा मागे उभा राहून ऐकत होता.

वसुधाच्या गुडघ्याशी निघालेला नारू ओढताना तुटला. पाय सुजून लाकूड झाला. पारिसा केशवरावांच्या घरी गेला तेव्हा केशवराव ओसरीवर डोके धरून बसले होते. आतल्या खोलीत मुलगी कण्हत होती.

"तू कशाला तोंड पाडतोस?" केशवराव म्हणाले. "गाळणं मी सोडलं. पाप माझं आहे."

"तुमी एक दिवस सोडलासा," पारिसा म्हणाला. "बाकीचं दिस मी सोडलो. मला कुणी नको म्हटलं न्हवतं. रोज हातात फडकं घेऊन जायाचो आन् परत यायचो. मला त्ये उंच कारंजं आवडलंतं, वकीलसाहेब. आक्काचा शब्द मोडला, त्यो माझ्या आवडीपायी." आणि पंचेचाळीस वर्षांचा तो माणूस तिथेच ओसरीवर रडला.

वसुधा वाचली, पण गुडघा कायमचा आखडला. ती शिकली, आणि पुढे निपाणीतच मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. रोज सकाळी पाय ओढत ती चौकातून जायची. रोज पारिसा बगळे पुसायचे थांबवून विचारायचा, "पाय कसा हाय, बाळ?" ती म्हणायची, "बरा आहे, अण्णा." पंधरा वर्षे हा सवालजवाब एक दिवस चुकला नाही. गाळण्याचाही खाडा पुन्हा पडला नाही.

१९४७चा ऑगस्ट आला. चौकात झेंडा लावायचा ठरला आणि साहजिकच बैठकीत कुणीतरी म्हणाले, त्या दिवशी तरी कारंजे मोकळे सोडा. पारिसा साठीचा झाला होता. "माझ्या हातनं गाळणं सुटणार न्हाय," तो एवढेच बोलला. कुणी आग्रह केला नाही. ज्यांच्या घरात नारू झाला होता ती माणसे समोरच बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना वसुधा थांबली. सवालजवाब झाला, तरी ती गेली नाही.

"अण्णा, तुम्हाला ते परत बघायचंय ना?"

"न्हाय गं."

"त्या दिवशी आमच्या ओसरीवर तुम्ही बोललात, ते मी आतून ऐकलं होतं."

पारिसा बगळा पुसत राहिला. या पोरीला ते पंधरा वर्षे माहीत आहे, आणि तरी ती रोज बरा आहे म्हणते, हे त्याला पेलवेना.

"पाणी हौदात जायच्या आधीच गाळलं तर?" वसुधा म्हणाली. "मग नळाला गाळणं नको."

"रहाटाचं पाणी धबाधबा पडतंय. तितं फडकं टिकत न्हाय. हातानं गाळायचं तर दीडशे घागरी हुत्यात."

"पेठेत दीडशे घरं आहेत."

चौदा तारखेला पारिसाने हौद रिकामा करून घासून काढला. पावसाने उघडीप दिली होती. दुपारपासून बायका माळ चढून येऊ लागल्या, हातात घागर आणि खांद्यावर घरचे फडके. कुणाचे जुन्या लुगड्याचे, कुणाचे धोतराचे. पारिसा हौदाच्या काठावर बसून प्रत्येकीचे फडके दुपदरी आहे का ते तपासत होता. दोघीतिघींना त्याने परत पाठवले, आणि त्या कुरकुरत फडके बदलून आल्या. केशवराव म्हातारे झाले होते, तेही एक कळशी घेऊन आले. गाळून झाल्यावर प्रत्येक फडके खळबळून त्याचे पाणी एका हंड्यात घेतले. तेवढ्या सगळ्या घरांची जिवाणी पारिसाने दोन खेपांत बेचाळीस पायऱ्या उतरून विहिरीत सोडली. मग हौदावर फळ्या टाकून तो तिथेच बसून राहिला.

सकाळी झेंडा वर गेला आणि पाठोपाठ पाणी. पारिसा मान खाली घालून कुंडाकडे बघत उभा होता. वसुधाने त्याच्या दंडाला धरले. "वर बघा की, अण्णा."

त्याने वर बघितले. पाणी सज्जाच्या वर गेले होते. वसुधा पाय ओढत पुढे झाली, सगळ्यांच्या आधी गोमुखाला ओंजळ लावून पोटभर पाणी प्याली आणि ओल्या हातानेच पदर सावरला. पारिसा बघतच राहिला. हौद संपेपर्यंत, तासभर, तो तसाच बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी गाळणे जागेवर आले आणि कारंजे टीचभर झाले. वसुधा चौकात येताच पारिसा लगबगीने पुढे गेला.

"काल गडबडीत पाय इचारायचा ऱ्हायला की गं," तो ओशाळून म्हणाला. "पंधरा वर्सांत पयल्यांदाच इसरलो."

"माझ्या ध्यानात आलं होतं," वसुधा म्हणाली. "तुम्ही विसरावं म्हणूनच तर घागरी आणल्या, अण्णा. आता नका विचारू."

आणि ती शाळेकडे गेली. पारिसाने फडके पिळले आणि बगळे पुसायला घेतले.