मामांच्या जिभेवरची पट्टी

"आता घाई करू नकोस," आई फोनवर म्हणाली. मी हॉस्पिटलला निघाले होते, रिक्षा पर्वत पाटियाच्या सिग्नलला अडकली होती. मामा गेले, हे तिने वेगळं सांगितलं नाही. मीही रिक्षावाल्याला काही बोलले नाही, तो बिचारा उरलेला रस्ता जिवाच्या आकांताने कापत राहिला... पाच आठवडे झाले. अजून मी एका जागी फार वेळ बसू शकत नाही.

मामा सचिन गावातल्या एका डाईंग मिलमध्ये कापड रंगवायचे. लिंबायतला आमची घरं शेजारी, त्यामुळे माझा अभ्यास त्यांच्या ओट्यावर व्हायचा. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी बफरचं समीकरण मला पाठ होतं, समजलेलं नव्हतं. मी ते इंग्रजीत धडाधड म्हणून दाखवलं तर मामा हसले. "हाई तर आम्ही रोज टाकतस!" मग त्यांनी समजावलं. रंगाच्या पाण्याला ते बाथ म्हणायचे. बाथमध्ये बफर असलं की ॲसिड थोडं कमीजास्त झालं तरी पीएच हलत नाही, शेड बदलत नाही. बफर मात्र आतल्या आत खर्च होत राहतं. "ते संपलं ना भाची, मग एवढ्याशा ॲसिडनं सगळा लॉट वाया!"

रक्ताचंही तसंच असतं, हे मी नंतर वाचलं. शरीरात तयार होणारं ॲसिड रक्तातलं बायकार्बोनेट झेलतं. त्यातून होणारा कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे जातो आणि खर्च झालेलं बायकार्बोनेट किडन्या भरून काढतात. मामांना सांगितलं तर खूश. "म्हणजे माझ्या आत बी डाईंग मास्टर शे!"

गेल्या वर्षी त्यांच्या किडन्या थकल्या. डॉक्टरांनी बाकीच्या औषधांबरोबर सोड्याच्या गोळ्या दिल्या, कमी पडणारं बायकार्बोनेट भरून काढायला. त्या गोळ्यांनी मामांचं पोट फुगायचं. एका रविवारी त्यांनी खिशातून मिलमधली पीएचची पट्टी काढली, जिभेला लावली आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली. "सात! बाथ बरोबर शे. मग गोळ्या कसाले?" मामी हसली. मीही हसले. तीस वर्षं त्या पट्टीने त्यांना कधी फसवलं नव्हतं.

पण थुंकी म्हणजे रक्त नव्हे, हे मला माहीत होतं. शिवाय बफर संपत येईपर्यंत रक्ताचा पीएचही फारसा हलत नाही. आधी बदलतो तो श्वास. मामा नुसते बसल्या बसल्या खोल, भराभर श्वास घ्यायला लागले होते. मिलच्या वाफेने दमा झाला, असं घरात सगळे म्हणायचे. फुप्फुसं ॲसिड बाहेर टाकायला धडपडताहेत, असं मला वाटत होतं. वाक्य मनात तयार होतं, पण इंग्रजीत. मराठीत जुळवेपर्यंत चहा आला, विषय बदलला... मग वाटलं, डॉक्टर बघतीलच, मी कोण सांगणार? त्या रविवारपासून मामांनी गोळ्या बंद केल्याचं डॉक्टरांना कोणी सांगितलंच नव्हतं.

गोळ्यांनी ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. किडन्या खरंच गेल्या होत्या. पण हे मी स्वतःला इतक्यांदा सांगते, की त्याचाच आता भरवसा वाटत नाही.

गेल्या आठवड्यात मामीला सगळं सांगून टाकलं. ती मामांच्या पलंगाची चादर बदलत होती. हात थांबले.

"त्यांनी ऐकलं नसतं," ती म्हणाली.

मला हायसं वाटणार, एवढ्यात ती माझ्याकडे वळली. "पण मी ऐकलं असतं ना, बाई."

मग धुतलेल्या चादरीचं एक टोक तिने माझ्याकडे टाकलं. "धर," म्हणाली.