पेशीची पकड

शिरूरच्या आमच्या कॉलेजात जीवशास्त्राचे एक सर होते. मी त्यांचा लॅब असिस्टंट. प्रत्येक वाक्यानंतर ‘लक्षात आलं का?’ विचारायचे, पण उत्तरासाठी थांबायचे नाहीत.

“पेशीला ओढलं की तिला ताण कळतो. मग ती पकड आणखी घट्ट करते. लक्षात आलं का?” हे सांगताना स्वतःची मूठ आवळायचे.

प्रॅक्टिकल परीक्षेच्या आदल्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याचं लग्न होतं. पंगतीसाठी प्रयोगशाळेची टेबलं न्यायला टेम्पो आला.

“सर, उद्या परीक्षा आहे. नाही म्हणा,” मी म्हणालो.

सरांनी पुढं होऊन टेबल धरलं. मला वाटलं, अडवणार.

टेम्पोवाला म्हणाला, “सर, तिकडनं उचला की जरा. लई जड हाय.”

सरांनी उचललं. पकड मात्र घट्ट होती. टेम्पोपर्यंत टेबल एकदाही सुटलं नाही.