पेटलं नाही तर

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, बॉयलरवर कामाला होते. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी एक मोठी लॉन्ड्री होती. तिच्या मागच्या खोलीत बॉयलर होता आणि त्या खोलीत भावोजींचं राज्य होतं. माणूस कमी बोलणारा. विनोद केलाच तर स्वतःच्या चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायचे नाहीत. लग्नाच्या आधी पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा आईनं काळजीनं विचारलं होतं, "काम जोखमीचं आहे का हो?" तर म्हणाले, "नाही, फक्त गरम आहे."

काही वर्षांपूर्वी एका सकाळी तिथे अपघात झाला. बर्नर पेटला नाही म्हणून भावोजींनी पुन्हा बटण दाबलं. आत साचलेल्या गॅसनं एकदम पेट घेतला, भट्टीचं दार उडालं आणि समोर उभ्या असलेल्या त्यांच्या जोडीदाराचा चेहरा आणि एक हात भाजला. या जोडीदाराला सगळे मास्तर म्हणायचे, कारण नव्या माणसाला काम तेच शिकवायचे. मास्तर वाचले, पण नोकरी सोडून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला लेकीकडे राहायला गेले. चौकशी झाली. पुन्हा पेटवण्याआधी आतला गॅस बाहेर फेकणारा पंखा अडकला होता, असं त्यात निघालं. भावोजींवर ठपका आला नाही. तो त्यांनी स्वतःच ठेवून घेतला.

त्यानंतर ते त्याच लॉन्ड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागले. घरी काडेपेटी वाजली की उठून दुसऱ्या खोलीत जायचे. ताईनं कुकर लावला की गॅलरीत. यावर कुणी काही बोलायचं नाही. एखाद्या घरात कुणाला कमी ऐकू येत असतं आणि बाकीचे नकळत मोठ्यानं बोलायला लागतात, तसं त्या घरानं हे अंगवळणी पाडून घेतलं होतं. मास्तरांचं नाव मात्र निघत नव्हतं.

ताई-भावोजींची मुलगी तेरा वर्षांची. सतत कानाशी गुणगुण, सतत प्रश्न, म्हणून सगळे तिला भुंगी म्हणतात. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. आमच्या समोर खेळण्यांचं दुकान आहे, तिथे काचेत रॉकेटचा खोका दिसला. सुटे भाग जोडायचे आणि खरोखर उडवायचं. भुंगीच्या वाढदिवसाला तो घेऊन गेले. खोक्याची मागची बाजू ताईनं वाचली.

"यात दारू आहे?"

"एवढीशी नळी आहे गं."

"दारूची?"

"इंजिन म्हणतात त्याला."

दारातून आत येत भावोजींनी विचारलं, "कसली दारू?"

ताईनं माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. तोवर भुंगीनं खोका फोडून सगळं जमिनीवर मांडलंही होतं. पुठ्ठ्याची नळी, निमुळतं टोक, पातळ हलक्या लाकडाचे पंख, रबराची दोरी, खाली येताना उघडणारी प्लॅस्टिकची छत्री. भावोजी उकिडवे बसले. इंजिनाचं पाकीट उचललं, त्यावरच्या सूचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या, मग ते कपाटावर अगदी मागे सरकवून ठेवलं आणि म्हणाले, "हे शेवटी." आणि पॉलिश पेपरचा तुकडा शोधायला गेले.

पुढचे काही दिवस बापलेक त्या रॉकेटला चिकटले होते. नळीवर सरळ रेघ मारायला भावोजींनी ती दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात धरली. पंख घासायचे ते लाकडाच्या रेषेच्या दिशेनंच, आडवे नाहीत. गोंद लावला की हात लावायचा नाही.

"वाळलं का, बाबा?"

"नाही."

"आता?"

"आत्ताच तर विचारलंस."

"आता वेगळं आत्ता आहे."

ताई स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "इतकं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पण मला धाकधूक वाटते गं. हे उडवायचं कुणी? मोठं माणूस हवं असं लिहिलंय."

"मी आहे की," मी म्हटलं.

भुंगीनं बाहेरून ऐकलं. "बाबाच उडवणार," ती म्हणाली. भावोजी छत्रीच्या दोऱ्यांना गाठी मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. "बघू," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही कौलांच्या बंद कारखान्यामागच्या मैदानावर गेलो. तिथल्या वॉचमनला ताई ओळखत होती. तोही खुर्ची ओढून बघायला बसला. वारा अधूनमधून वाहत होता. भावोजींनी रॉकेट ज्यावरून सुटतं तो दांडा जमिनीत रोवला, त्याच्या बुडाशी पत्र्याची ताटली ठेवली, छत्रीची घडी घालून तिच्याखाली न जळणारा कागद ठासला. इथवर हात अगदी सराईत होते. मग मी पिशवीतून इंजिनाचं पाकीट काढलं आणि ते उठून उभे राहिले.

"तू घाल," ते मला म्हणाले आणि चालत जाऊन पार कारखान्याच्या भिंतीला टेकले.

भुंगीचा चेहरा उतरला, पण ती काही बोलली नाही, हेच मला जास्त लागलं. मी इंजिन रॉकेटच्या बुडात सरकवलं, रॉकेट दांड्यावर चढवलं. पेटवायची बारीक तार त्याच्या तोंडात खुपसली, तिच्या दोन टोकांना वायरचे दोन चिमटे लावले. लांबून भावोजींचा आवाज येत होता. "दांडा सरळ आहे का बघ. वायर पायात येऊ देऊ नको." आम्ही वायर संपेपर्यंत मागे आलो. भुंगीनं वायरच्या टोकाला असलेल्या बटणाच्या डबीत चावी घातली. लाल दिवा लागला.

तिनं आकडे उलटे मोजले आणि बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. मग अंगठा रोवून दाबतच राहिली, दाबत राहिली. दिवा जळत होता, रॉकेट जागच्या जागी उभं होतं. वॉचमन खुर्चीतून उठला. "फुसकं निघालं," म्हणत तो सरळ रॉकेटच्या दिशेनं चालायला लागला. "आणतो इकडे, बघू काय झालंय."

मी बघत उभी राहिले. माझ्या डोक्यात काही आलंच नाही. भिंतीकडून पावलं ऐकू आली. भावोजी धावत येत होते. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी धावताना पाहिलं नव्हतं.

"अंगठा काढ," ते ओरडले. "भुंगे, अंगठा."

भुंगीनं हात असा झटकला की डबी खाली पडली. भावोजींनी गुडघ्यांवर पडत ती उचलली, चावी उपसली, शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. मग वॉचमनकडे वळले. आवाज एकदम खाली आला होता.

"काका, मागे या. धावू नका. चालत या."

"अहो, विझलंय ते."

"अजून पेटलंच नाही. म्हणून म्हणतोय."

वॉचमन थबकला. रॉकेट त्याच्यापासून चार पावलांवर असेल. त्यानं एकदा रॉकेटकडे पाहिलं, एकदा भावोजींकडे, आणि चालत मागे आला. सूचनेत जेवढं थांबायला लिहिलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ भावोजींनी आम्हाला थांबवलं. भुंगी माझ्या कुशीत शिरली होती. तिला वाटत होतं तिचंच काहीतरी चुकलं.

"मी जाऊन बघते," शेवटी मी म्हटलं. "चिमटे मीच लावले होते."

"नको." भावोजींनी तळवे पँटला पुसले. "मी जातो."

ताईनं माझं मनगट धरलं. ते चालत गेले. फार सावकाश नाही, फार भरभर नाही. रॉकेटपाशी पोचल्यावर मात्र उभेच राहिले. मग खाली बसले आणि मान वाकवून बुडाशी तोंड नेलं. आम्हाला त्यांची पाठ दिसत होती. खांदे हलत होते, म्हणजे हात काहीतरी करत होते. मग खांदेही थांबले. ते तसेच बसून राहिले.

"बाबा?" भुंगीनं हाक मारली.

ताई निघाली तशी भुंगीनंच तिचा हात ओढला. "आई, थांब. चावी त्यांच्याच खिशात आहे. त्यांना माहितीये."

जरा वेळानं भावोजी उठले. परत आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. "दोन चिमटे एकमेकांना टेकले होते," ते म्हणाले. "वेगळे केलेत." चावी काढून त्यांनी भुंगीपुढे धरली.

तिनं हात मागे घेतले. "तुम्ही दाबा."

मला वाटलं, आता ते चावी माझ्या हातात देतील. त्यांनी डबी उचलली. मग मागे वळले आणि प्रत्येकाकडे पाहिलं. वॉचमनकडे, माझ्याकडे, ताईकडे, भुंगीकडे.

"सगळे मागे आहेत?"

"हो," आम्ही म्हटलं.

पुन्हा वळले. "सगळे?"

"अहो, सगळे आहोत," ताई म्हणाली. "हवं तर हजेरी घ्या."

त्यांनी चावी घातली. दिवा लागला. ओठ घट्ट मिटून, डोळेही मिटून, त्यांनी बटण दाबलं.

एवढ्याशा नळीतून इतका आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं. टर्रकन कापड फाटावं तसा. दांडा रिकामा झाला. धुराची रेघ वर गेली, वाऱ्यानं जराशी वाकली, आणि रॉकेट दिसेनासं झालं. भुंगी उड्या मारत होती. "बाबा, बघा ना वर." त्यांनी डोळे उघडले, वर पाहिलं, तेवढ्यात उंचावर ठप्प असा आवाज झाला आणि त्यांचं सगळं अंग दचकलं. पण नजर त्यांनी खाली घेतली नाही. छत्री उघडली. केशरी ठिपका तरंगत तरंगत कारखान्यावरून पलीकडे गेला आणि पत्र्याच्या छपरावर उतरला.

"ते आता तुमचं नाही," वॉचमन म्हणाला. "त्या छपरावर मांजरसुद्धा चढत नाही."

भावोजी होते तिथेच मातीत बसले. भुंगी त्यांच्याजवळ बसली.

"निघालं तेव्हा तुम्ही पाहिलंच नाही."

"आवाज ऐकला."

तिनं मातीत बोटानं एक रेघ ओढली. मग तिनं विचारलं, "त्या दिवशी पण असंच झालं होतं का? आधी पेटलं नाही?"

"भुंगे," ताई म्हणाली.

"विचारू दे तिला." भावोजी मैदानाकडे बघत बोलायला लागले. "असंच. पेटलं नाही. मला वाटलं, दुसऱ्यांदा पेटेल. मास्तर भट्टीच्या दारापाशी काहीतरी बघत होते. ते तिथं आहेत हे मला माहीत होतं. फक्त मागे वळून बघायचं होतं, एकदा. मी वळलो नाही." ते थांबले. "पंखा अडकला होता ते खरंच आहे. पण हे मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलंही नाही."

इतक्या वर्षांत हे ताईलाही ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती दांडा उपटायला गेली आणि बराच वेळ तो नुसता हातात धरून उभी राहिली.

त्याच महिन्यात एका दुपारी भावोजी माझ्या दुकानात आले. मास्तरांच्या लेकीचा पत्ता मिळाला होता. "एकट्यानं गेलो तर दारातून परत येईन," ते म्हणाले. "चलशील का?" ताईला का नेत नाही, हे मी विचारलं नाही. मला वाटतं, तिथे काय ऐकावं लागेल त्याचा त्यांना अंदाज नव्हता, आणि ते ताईच्या कानावर पडायला नको होतं.

दार मास्तरांनीच उघडलं. एका बाजूची कातडी ओढल्यासारखी, त्या बाजूची भुवई नाही. त्यांनी भावोजींना ओळखायला वेळ लावला नाही. आत या म्हणाले, पाणी दिलं, गुडघे दुखतात म्हणाले. भावोजींनी पाणी न पिताच सगळं सांगून टाकलं. माहीत होतं, वळलो नाही.

मास्तर ऐकत होते. "मला काय नवीन सांगतोस," ते म्हणाले. "मी तुझ्याकडेच बघत होतो. तू वळला नाहीस ते मी पाहिलंय."

भावोजींनी हातातला पेला खाली ठेवला.

"दोन वर्षं रागावलो होतो मी तुझ्यावर. रोज सकाळी आरशात बघितलं की शिव्या द्यायचो. मग कंटाळा आला. रोज तेच तेच किती करायचं माणसानं." त्यांनी पेल्याकडे बोट दाखवलं. "पाणी पी आधी."

भावोजी पाणी प्यायले. माफ केलं असं मास्तर म्हणाले नाहीत, आणि भावोजींनी माफी मागितलीही नाही. मग लॉन्ड्रीतल्या जुन्या माणसांच्या गोष्टी निघाल्या, कोण आहे, कोण गेला. निघताना मास्तर दारापर्यंत आले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी जेवायच्या वेळेला ये."

येताना बसमध्ये भावोजी खिडकीला डोकं टेकवून झोपले, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. आमचा स्टॉप आला. मला त्यांना उठवावंसं वाटलं नाही. शेवटच्या स्टॉपवर कंडक्टरनंच खांद्याला हलवून जागं केलं, आणि आम्ही रस्ता ओलांडून परतीच्या बसची वाट बघत उभे राहिलो.