पूजेतला दहा नंबरचा पाना

आमची व्हॅन जुनी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. तिचं सरकतं दार आधी वर उचलावं लागतं, मग मागे ओढावं लागतं, आणि ते घरात फक्त मला जमतं. नवऱ्याला जमत नाही. तो महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दार उघडलं नाही की तो दार कसं उघडावं याचा व्हिडिओ शोधत बसतो. मी निपाणीकडची. वडिलांचा टेम्पो होता आणि तो बंद पडला की एकेक पाना हातात देण्याचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळं बेंगळूरातल्या के. आर. पुरमच्या आमच्या गल्लीत गाडीखाली आडवी झालेली बाई दिसली, तर ती मीच असते. सुरुवातीला लोक थांबून बघायचे. आता माझे पाय ओलांडून जातात.

ही व्हॅन विकायची असं आमच्याकडे दरवर्षी ठरतं. पण दोन वर्षांपूर्वी सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते बोलणं आपोआप मागं पडलं. त्यांचा उजवा पाय धड वाकत नाही. कारमध्ये त्यांना बसता येत नाही, रिक्षा तर लांबच. मी व्हॅनची मधली सीट काढली, तिथं त्यांची हातांची खुर्ची बोल्ट मारून पक्की केली आणि वर पट्टाही लावला. दार सरकवलं की त्या पाय लांब करून ऐटीत बसतात. डॉक्टरकडे जायचं ते असं, आणि दुसरीकडे कुठं जायचं झालं तर तेही असंच. ते कुठं व्हायचंच नाही, ही गोष्ट वेगळी.

सासूबाईंचं घराणं बेंगळूरात कैक पिढ्या मुरलेलं. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे जरा, 'सरी' म्हणजे बरं, हे कानडी शब्द भाजीत मीठ असावं तसे असतात. त्यांची थोरली बहीण, आमची अक्का, इथल्याच शिवाजीनगरात पहिल्या मजल्यावर राहायची. तिचे गुडघे गेलेले. ही जिना चढू शकत नाही, ती प्रवास करू शकत नाही. एका गावात राहून दोन वर्षं दोघींची गाठ नव्हती. आणि यंदा अक्काच्या मुलाची पुण्याला बदली झाली. दसऱ्याच्या संध्याकाळच्या गाडीनं ती सगळी कायमची निघणार होती.

"एकदा अक्काच्या हातून सोनं घेते," सासूबाई म्हणाल्या. "मग जाऊ दे तिला."

"आई, फोनवर रोज बोलता की तासभर," नवरा म्हणाला.

"फोनवर हात धरता येतो काय रे?"

मी मनात ठरवून टाकलं, की काय वाटेल ते होवो, दसऱ्याला सकाळी ही व्हॅन शिवाजीनगरात उभी करायची.

आणि नेमकं अष्टमीला संध्याकाळी मला मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली. बोट लावून वास घेतला. ब्रेक ऑइल. पेडल दाबलं तर ते लोण्यात पाय घातल्यासारखं आत गेलं. चाकाच्या आतला छोटा सिलिंडर गळत होता. मी तशीच शिवाजीनगरच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन नवा घेऊन आले. जाताना अक्काच्या खिडकीखालून गेले, पण वर गेले नाही. रिकाम्या हातानं जायचं मला बरं वाटेना.

खंडेनवमीला सकाळीच चाक काढलं. गाडी विटांवर टेकवली, जुना सिलिंडर काढून नवा बसवला. आता त्याची नळी घट्ट आवळायची, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची आणि चाक चढवायचं, एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात आतून हाक आली, पूजेची वेळ झाली, तुझी आयुधं आण.

आता इथं माझा स्वभाव आडवा आला. आदल्या वर्षी मी पूजेत एक पक्कड आणि एक पाना ठेवला होता, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "वर्षभर ठोकत असतेस, आयुधं एवढीच काय?" ते माझ्या डोक्यात बसलं होतं. यंदा मी सगळी पेटी रिकामी केली. रॉकेलनं धुतली, मग साबणानं, मग कोरडी पुसली. सगळे पाने आकारानं लावले, दहा नंबरचा मधोमध. चाकाचे नट एका वाटीत होते, तेही घासले. इतके चमकले की तेही पाटावर मांडले. हळद लावली, कुंकू लावलं, शेवंती वाहिली. आरती झाली. बाहेर व्हॅनला हार घातला, झेंडूच्या माळा सोडल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. चौथ्या चाकाच्या जागी विटा होत्या, तिथलं लिंबू विटांना टेकवलं. नवऱ्यानं फोटो काढले.

मग मी हात पुसले, घरात आले आणि दहा नंबरचा पाना उचलायला वाकले.

"हात मागे घे," सासूबाई म्हणाल्या.

"आई, नळी आवळायची राहिलीये."

"पूजेत बसलेलं आयुध उद्या दुपारचा नैवेद्य होऊन पूजा हलवल्याशिवाय उचलायचं नाही. आज त्यांची विश्रांती."

"अहो, पण चाकाचे नट..."

"ते कशाला ठेवलेस? नट काय आयुध हाय?"

झालं. हात दाखवून अवलक्षण. माझे वडील पूजेत एकच जुना, गंजका पाना ठेवायचे आणि बाकीची पेटी कॉटखाली सरकवायचे. तेव्हा मला वाटायचं, बाबा आळशी आहेत.

"आई, गाडी झाली नाही तर उद्या तुमचं जाणं राहील," मी सरळच सांगितलं.

त्या पाटाकडे बघत राहिल्या. चेहरा पडला होता, पण बाई हलल्या नाहीत. "हा नियम मला अक्कानं शिकवलाय. लहान असताना. तो मोडून तिच्यासमोर कुठल्या तोंडानं जाऊ?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर सासूबाई. मला त्यांचा राग आला आणि त्याहून माझा आला. मी चप्पल घातली आणि उसना पाना आणायला निघाले. एवढ्या मोठ्या शहरात एक दहा नंबरचा पाना आणि चार नट मिळू नयेत, असं कसं होईल?

तसंच झालं. आयुधपूजेच्या दिवशी अख्ख्या बेंगळूरात एकही पाना मोकळा नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात सगळी हत्यारं लाल कापडावर, वर उदबत्ती. गॅरेजवाले अण्णा नव्या शर्टात बसलेले. त्यांनी हात जोडले, "नाळे बन्नी अक्का," म्हणजे उद्या या ताई, आणि कडलेपुरीची पुडी हातात दिली. कडलेपुरी म्हणजे आपले चुरमुरे आणि डाळं. पंक्चरवाल्याकडे तेच. समोरच्या प्लंबरकडे तेच. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे एक पाना असतो, त्यालासुद्धा त्यानं झेंडूची माळ घातली होती. रस्त्यात जागोजागी फुटके कोहळे, बसला केळीचे खुंट बांधलेले, आणि मी पुड्या सांभाळत पाय घसरू नये म्हणून बघत चाललेली. घरी आले तेव्हा दोन्ही हात भरले होते. पाना सोडून सगळं मिळालं होतं.

"कॅब बुक करू का? मोठी?" नवऱ्यानं विचारलं.

"त्यात पाय कुठं ठेवतील, छतावर?"

तो चुरमुरे खाऊ लागला. मीही खाल्ले. सासूबाईंनी घेतले नाहीत. अक्काचा फोन आला तेव्हा त्यांनी "बघू उद्या, स्वल्प अडचण हाय" एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. ज्या बाई तासाशिवाय फोन ठेवत नाहीत, त्यांनी दोन वाक्यांत ठेवला. मला फार वाईट वाटलं.

दसऱ्याला उजाडायच्या सुमाराला वॉकरच्या आवाजानं जाग आली. बाहेर आले तर सासूबाई अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून पाटासमोर खुर्ची घेऊन बसलेल्या. वाकता येत नाही म्हणून अक्षता त्यांनी खुर्चीवरूनच टाकल्या. अर्ध्या पान्यांवर पडल्या, अर्ध्या जमिनीवर. 'पुनरागमनाय च' म्हणून त्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पाट स्वल्प हलव. मग उचल काय उचलायचं ते."

"आई, नैवेद्य तर दुपारी असतो ना?"

"दूधसाखर दाखवलीये. पुरण संध्याकाळी. देवीला सांगून ठेवलंय."

"चालेल तिला?"

"मी सांगितलंय ना. तू कामाला लाग."

आणखी बोलले असते तर बाई परत नियमावर गेल्या असत्या. पाने उचलले आणि पळाले.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं आणि धरून ठेवायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बारीक स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि लगेच आवळायचा. मी नवऱ्याला झोपेतून उठवून ड्रायव्हरच्या जागी बसवलं. "मी दाब म्हटलं की दाबायचं, धर म्हटलं की धरायचं. सोड म्हटल्याशिवाय सोडायचं नाही."

"ओके. पण व्हिडिओत असं दाखवतात की..."

"दाब."

त्यानं दाबलं. मग सोड म्हणायच्या आधी सोडलं आणि हवा परत आत गेली. मी काय बोलले ते सणाच्या दिवशी लिहू नये. सासूबाई फाटकापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून धीर नाही." मग आम्ही नव्यानं सुरुवात केली. माझ्या हाताची हळद स्क्रूला, स्क्रूची हळद ब्रेक ऑइलच्या बाटलीला. हळूहळू बुडबुडे थांबले, तेल सलग यायला लागलं आणि पेडल पायाखाली टणक झालं. चाक चढवलं, चमकते नट आवळले, विटा काढल्या. गल्लीत पुढे-मागे करून ब्रेक तपासला. कालची लिंबं तेव्हाच चाकांखाली फुटली. सासूबाईंनी आवाज ऐकला आणि मान डोलावली.

शिवाजीनगरात त्या गल्लीत गाडी कशीबशी घुसवली. खाली सामानाची खोकी रचलेली, वरून हाका. खाली मी, वर अक्का आणि मध्ये जिना. माझ्या नवऱ्यानं आणि अक्काच्या मुलानं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून खाली आणलं. अक्का वरून सूचना देत होती, "डावीकडं, डावीकडं, मला काय पोतं समजलात?" मी दार वर उचललं, मागे ओढलं. तिची खुर्ची व्हॅनच्या दाराशी ठेवली, आत हिची. गुडघ्याला गुडघे लागले.

दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि कितीतरी वेळ धरूनच ठेवले. मी पुढं ड्रायव्हरच्या जागी जाऊन आरशातून बघत होते. मला रडू आलं, मी ते पुसलं आणि हळद डोळ्यात गेली.

मग सोनं देऊन झालं, मिठी मारून झाली, आणि सासूबाईंना राहवेना. "अक्का, तुझा नियम मी मोडला. सकाळीच पूजा हलवली. नैवेद्यसुद्धा नुसता दुधाचा."

"कुठला नियम?"

"पूजेतलं आयुध उचलायचं नाही."

अक्का खुर्ची हलेपर्यंत हसली. "अग, तो तुझ्यासाठी केला होता. आपल्या बाबांची शिवणाची कात्री घेऊन तू पळायचीस, म्हणून. बाबा तर पूजेच्या दिवशी गिऱ्हाईक आलं की गुपचूप कात्री उचलायचे. देवीला हात जोडून म्हणायचे, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.' जरा सांभाळून घे म्हणायचे, आणि कापड कापायचे."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी एवढी वर्षं..."

"तू एवढी वर्षं शहाणी झालीस. माझं काम झालं."

घरी परतताना सासूबाई खुर्चीत आपट्याची पानं मुठीत धरून बसल्या होत्या. डोळे पुसत होत्या, बाहेर बघत होत्या. नवरा काही बोलायला गेला तर मी त्याला खुणेनं गप्प केलं. के. आर. पुरमचा पूल आला तेव्हा मागून आवाज आला.

"अग, ही गाडी पुण्यापर्यंत जाईल काय?"

"जाईल की. क्लच तेवढा बघावा लागेल."

"सरी. मग पुढच्या दसऱ्याला अक्काकडे जाऊ." पूल उतरलो. "आणि तो दहा नंबरचा पाना तेव्हा पूजेत मांडू नकोस. तांदळाच्या डब्यात ठेव. मला सांगू नकोस."