विरुपाक्ष सरांचा ऑगस्ट

मुरुम गावाजवळच्या आमच्या शाळेत विरुपाक्ष सर भूगोल शिकवतात, म्हणजे पगार भूगोलाचा घेतात. बावीस वर्षं त्यांनी मुलांकडून आलेखाच्या वर्णनाचं एकच उत्तर घोकून घेतलं आहे: 'सुरुवातीला वाढ दिसते, मध्ये सर्वाधिक प्रमाण आढळते, नंतर घट होते.' आलेख पावसाचा असो की लोकसंख्येचा, उत्तर तेच. मुलं आलेखाकडे बघतसुद्धा नाहीत. बघितलं की गोंधळ होतो, असं सरच सांगतात.

व्हरांड्याच्या भिंतीवर त्यांनी गावच्या पावसाचा रेषालेख ऑइलपेंटनं रंगवून घेतला आहे. रेषा जूनपासून चढते, ऑगस्टात छताला भिडायला जाते आणि मग उतरते. दर जानेवारीत तपासणीआधी पेंटर येतो आणि फक्त साल बदलून जातो. पाऊस बदलत नाही. सरांचा त्याच्यावर भारी वचक आहे.

यंदा आठवीतल्या महेश्वरीनं पुस्तकात दिल्याप्रमाणे प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक केला. जून ते ऑक्टोबर रोज सकाळी पाणी मोजलं, आलेखकागदावर बिंदू मांडले, जोडले. तिची रेषा ऑगस्टात तळाला गेली होती आणि सप्टेंबरात ताडकन उठली होती. मी गणिताचा मास्तर. एखादा बिंदू चुकलाय का ते मुद्दाम तपासलं. एकही चुकला नव्हता. जिल्ह्याच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच तक्ता जाणार होता. तो आपला असावा, एवढंच तिला हवं होतं.

विरुपाक्ष सरांनी शिक्षकखोलीत तिचा कागद लांब धरून बघितला.

"ऑगस्टचा बिंदू वर घे. भिंतीशी जुळाया पाहिजे. तपासणीचे साहेब दोन्ही बघतेत."

"सर, ऑगस्टात पाऊसच न्हाय पडला. आमचं सोयाबीन वाळलं की तवा."

"तुझी बाटली गळकी असंल."

"मग सप्टेंबरात कशी भरली, सर?"

सर गोरेमोरे झाले. "लई शानी झालीस. बिंदू वर घे, न्हायतर नाव काढून टाकतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडायला हवं होतं. मी हजेरीपटात डोकं घातलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. महेश्वरीनं कागद मागून घेतला, नीट गुंडाळला आणि बिंदू होता तिथंच ठेवून निघून गेली.

प्रदर्शनाला समर्थ नावाचा मुलगा गेला. त्यानं भिंतीवरचा आलेख रंगीत स्केचपेननं उतरवून काढला होता, खाली ते घोकलेलं वर्णन. ऑगस्टात परीक्षक कुठं होते कोण जाणे! त्यांनी दुसरा क्रमांक दिला.

शाळेत सरांचा सत्कार झाला. शाल खांद्यावर घेऊन ते 'निरीक्षणशक्ती' या विषयावर पाऊण तास बोलले. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. महेश्वरी पहिल्या रांगेतून मागं वळून माझ्या हातांकडे बघत होती.