माइकवर वाचलेली पाटी

चिझुरू किताबाता सत्तावीस वर्षं ओसाकाच्या पर्यटन बसमध्ये उलटी उभी राहिली. रस्त्याकडे पाठ, प्रवाशांकडे तोंड. किल्ला, मनोरा, दोतोनबोरीचा कालवा, सुमियोशीचा कमानदार पूल, सगळं तिच्या पाठीमागून यायचं आणि ती ते न बघताच सांगायची. "उजव्या हाताला बघा" म्हणताना स्वतःचा डावा हात वर करायचा, कारण प्रवाशांचं उजवं ते तिचं डावं. हे इतकं अंगात मुरलं होतं की घरी जेवतानासुद्धा ती "डावीकडची बरणी दे गं" म्हणायची आणि तिची मुलगी शिहो काही न बोलता उजवीकडची उचलून द्यायची.

वय अठ्ठावन्न, निळा गणवेश, तिरकी टोपी, हातात पांढरे मोजे. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारा म्हाताराही दचकून जागा व्हावा. तिच्याहून सुंदर बोलणाऱ्या गाइड कंपनीत होत्या, पण हसवावं ते चिझुरूनंच. सहलीची नोंदणी करताना लोक नाव घेऊन तिला मागायचे आणि याचा तिला गर्व होता. का नसावा?

ओसाकाच्या माणसाला तुम्ही काहीही सांगा, पाय मोडला म्हणा, घर जळालं म्हणा, तो सगळं ऐकून घेणार आणि विचारणार, "बरं, आणि शेवट?" शेवट म्हणजे हसू. शेवटी हसू आलं नाही तर ती गोष्टच नाही, नुसता वेळ फुकट. चिझुरू याच मातीतली. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला. दहनानंतर त्याच्या अस्थी चॉपस्टिकनं उचलून कलशात ठेवायच्या होत्या. सगळे गंभीर चेहऱ्यानं उभे असताना ही म्हणाली, "जन्मात एका जागी बसला नाही हो हा माणूस. आज बसला." नणंद रडता रडता हसत सुटली. तेव्हा बावीस वर्षांची असलेली शिहो हसली नव्हती, पण त्या गर्दीत ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिच्या सहलीत एक देऊळ होतं. तेन्नोजी भागातल्या मागच्या चढावरचं, लहानसं, नाती तोडणारं. नाती जुळवणारी देवळं पोत्यानं मिळतात. इथे लोक तोडायला येतात. दारूशी, जुगाराशी, आजाराशी, मारकुट्या नवऱ्याशी असलेलं नातं. लाकडी पाटीवर मागणं लिहायचं, खाली पूर्ण नाव आणि पत्ता घालायचा, कारण देवाला माणूस नेमका कळला पाहिजे, आणि पाटी झाडाभोवतीच्या चौकटीवर टांगायची. पूर्वी तिथे शेजारपाजारच्या चार बायका यायच्या. आता रोज आठ बसेस.

प्रवासी देवळात वीस मिनिटं हिंडायचे, तेवढ्यात चिझुरू चौकटीपाशी जाऊन मोबाइलवर तीन-चार पाट्यांचे फोटो काढायची. निवडण्याची तिची युक्ती साधी होती. अक्षरं मावत नाहीत इतकी दाटून लिहिलेली पाटी चांगली. मग बस सुटली की चष्मा चढवून माइकवर वाचायची, मध्ये मध्ये स्वतःचं मीठ-मसाला घालून. लोक पोट धरून हसायचे. नाव मात्र वाचायचं नाही, हा तिचा कडक नियम. फोटोच्या खालच्या भागावर ती पांढऱ्या मोज्यातला अंगठा ठेवायची. स्वतःसुद्धा बघायची नाही. एवढं केलं की आपण पापातून सुटलो असं तिला वाटायचं. माणूस आपल्यापुरते नियम मोठे सोयीचे करतो.

त्या दिवशी बसमध्ये तोकुशिमाहून आलेले चाळीस निवृत्त लोक होते. ऑक्टोबरची दुपार, हवा छान, मंडळी जेवून खूश. देवळातून बस निघाली.

"काय किताबाताबाई, आज काही माल मिळाला का?" ड्रायव्हर ओनिशीसाननं आरशातून विचारलं.

"मालच माल! तुमच्या बायकोची पाटी शोधत होते. नाही मिळाली. अजून चार दिवस तुम्ही सुरक्षित."

पहिल्या बाकावरच्या आजोबांनी टाळी दिली. चिझुरूनं एक पाटी वाचली, सासूच्या मांजरीशी नातं तोडायचं होतं कुणाला तरी. हशा. मग दुसरी, सगळ्यांत दाटून लिहिलेली. अंगठा खाली, चष्मा नाकावर.

"'मला एका माणसाशी असलेलं नातं तोडायचं आहे,'" तिनं रडका आवाज काढला. "'हा माणूस वाईट नाही. रोज सकाळी मला डबा करून देतो.' अगं बाई! डबा करून देणारा नवरा? आणि नको म्हणते? बायांनो, हिचा पत्ता देऊ का?"

"द्या, द्या!" मागून एक आजी ओरडली. बस हसली.

"'ताप आला की उशाशी बसतो. पण माझं काही दुखलं की त्या दुखण्याची गोष्ट होते आणि लोक हसतात.' हं. बोलका दिसतोय नवरा. 'यंदा फेब्रुवारीत माझं लग्न मोडलं.'"

इथे ती अडखळली. नवरा नाही तर मग? पण ओघात होती, जीभ पुढे गेली.

"'ते मी कामावर कुणालाच सांगितलं नव्हतं. दातांच्या दवाखान्यात मी कामाला आहे, तिथे खुर्चीत बसलेल्या एका पेशंटनं मला माझीच गोष्ट ऐकवली. बसमध्ये ऐकलेली. साठ केकांची गोष्ट.'"

चिझुरूच्या पायाखालची बस सरकली. खरं तर बस सरळ चालली होती.

साठ केकांची गोष्ट तिचीच होती. शिहोचं लग्न तीन आठवड्यांवर असताना मुलानं नकार दिला. पाहुण्यांना द्यायचे गोल केक आधीच घरी येऊन पडले होते, खोक्यात बांधून, वर दोघांची नावं छापून. ते दोघींनी एप्रिलपर्यंत खाल्ले. "नवरा गेला, केक राहिले, आणि खरं सांगू, केक जास्त टिकाऊ निघाले!" हे वाक्य तिनं वसंतात किती बसेसमध्ये म्हटलं असेल, तिलाच ठाऊक नव्हतं. नाव घेतलं नव्हतं. "माझ्या ओळखीतली एक मुलगी," असंच म्हणायची.

अंगठा आपोआप बाजूला झाला. खाली लिहिलं होतं, किताबाता शिहो. पत्ता तिच्याच घराचा.

चाळीस माणसं तोंडाकडे बघत होती. माइक घूं करत होता. पाटीवर शेवटची ओळ उरली होती आणि ती तिनं वाचली, कारण वाचायला घेतलेलं अर्धं सोडायची तिला सवय नव्हती.

"'आईशी असलेलं माझं नातं तुटू दे.'"

बस गप्प झाली. पहिल्या बाकावरचे आजोबा हळूच म्हणाले, "अरेरे." ते अरेरे ऐकलं आणि चिझुरूच्या आत सत्तावीस वर्षं जे यंत्र चालत होतं ते तिनं विचार करायच्या आधीच फिरलं. अशी शांतता बसमध्ये ठेवायची नसते. तिनं ऐकलं, तिचाच आवाज म्हणत होता, "आता ही देवाला म्हणते आई तोड! तोडेल हो देव. पण डब्याचं काय? उद्या सकाळी बघा, बरोब्बर सव्वासातला ही पोरगी डब्यासाठी हात पसरून उभी!"

बसमध्ये हशा फुटला. टाळ्या वाजल्या. मागची आजी डोळे पुसत होती. आरशात ओनिशीसानचे खांदे हलत होते.

आणि चिझुरू उभी होती, तोंडावर हसू तसंच. आपण हे बोललो? आपल्या पोरीवर, ती समोर नसताना, चाळीस परक्यांसमोर? पाटी वाचल्याचा धक्का एक होता, हा दुसरा त्याहून वाईट होता. पाटी नकळत वाचली असं तरी म्हणता आलं असतं. विनोद तिनं नाव वाचल्यावर केला होता.

किल्ल्याचा खंदक आला. "उजव्या हाताला बघा," ती म्हणाली आणि उजवा हात वर केला. स्वतःचा उजवा. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. चाळीस माना आज्ञाधारकपणे वळल्या आणि सगळ्यांना एक पार्किंगची जागा आणि दोन कचऱ्याच्या पेट्या दिसल्या. पुन्हा हशा. तिची गंमतच आहे असं त्यांना वाटलं. तिला त्या माणसांचा राग आला, मग कळलं, त्यांचा काय दोष, हसायला आपणच शिकवलंय.

निरोप घेताना मागची आजी तिचा हात दाबून म्हणाली, "बाई, तुम्ही फार हसवलंत हो. तुमच्या घरी किती मजा असेल!"

"हो ना," चिझुरू म्हणाली.

"बरं नाही का तुम्हाला?" डेपोत ओनिशीसाननं विचारलं. "चेहरा पांढराफटक पडलाय."

ती काही बोलली नाही. ओनिशीसान घाबरला. या बाईला उत्तराविना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

घरी पोचली तेव्हा सहा वाजले होते. शिहो आधीच आली होती. शेगडीवर पातेल्यात मुळा, अंडी आणि माशाचे वडे शिजत होते. चिझुरूनं टोपी काढली, टेबलाशी बसली, आणि "आज काय झालं माहितीय का" असं काही म्हणाली नाही.

दोन मिनिटांनी शिहोनं वळून पाहिलं. "आई? कुठे दुखतंय का?"

"तुझी पाटी वाचली मी."

शिहोचा हात थांबला. मग ती पातेल्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं. कधी वाचशील याची वाटच बघत होते. नऊ दिवस झाले टांगून."

"मी वाचावी म्हणून टांगलीस?"

"नाहीतर काय! रोज तिथे जातेस. तू उभी राहतेस त्याच कोपऱ्यात टांगली."

"मला सांगायचं ना गं तोंडानं."

"सांगितलं. तीनदा. तिसऱ्यांदा तू ते ओनिशीसानना सांगितलंस, 'माझी मुलगी मला गप्प बस म्हणते, म्हणजे समुद्राला कोरडा हो म्हणते.' मी फोनवर ऐकत होते. तेही हसले." तिनं डाव खाली ठेवला. "पण असू दे. एकटीनं वाचलीस ना?"

चिझुरूला खोटं बोलता आलं असतं. जीभ तयार होती, नेहमीच असते.

"नाही. माइकवर."

शिहो खुर्ची ओढून बसली. ती आईच्या हातांकडे बघत होती.

"मी पाट्या नुसत्या लांबून बघून निवडते," चिझुरू म्हणाली. "दाटून लिहिलेल्या. नाव बघत नाही. देवाशपथ, मला कळलं नाही."

"नाव कशाला बघायला हवं होतं? मला वाटलं होतं, तू अक्षर ओळखशील."

प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिहोची प्रत्येक वही चिझुरूनं उघडून पाहिली होती. तेच अक्षर आज फोटोत मोठं करून, चष्मा लावून, वेडावत वाचलं होतं.

"मग? कळलं तेव्हा काय केलंस?"

"विनोद केला."

"कोणता?"

"नको गं."

"चाळीस लोकांना ऐकवलास, मला ऐकव."

चिझुरूनं सांगितला. आवाज न काढता, खाली मान घालून, एकेक शब्द. डबा, सव्वासात, हात पसरून उभी. स्वयंपाकघरात तो विनोद फार हलकट वाटला.



"सव्वासात नाही," शिहो म्हणाली. "सात वीस."

मग ती उठली, ड्रॉवरमधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "लांब फुकुओकात नोकरी मिळालीय. दवाखान्यातच. एक तारखेला जातेय. तुला मुद्दाम आत्ता सांगतेय, कारण आधी सांगितलं असतं तर माझ्या जाण्याची गोष्ट माझ्या आधी गावभर झाली असती."

चिझुरूच्या जिभेवर एक वाक्य आलं. लगेच आलं, तयार, चांगलंच होतं, कुठल्याही बसमध्ये टाळ्या घेतल्या असत्या. ती ते तोंडात धरून बसली. ओठ घट्ट मिटले, नाकानं श्वास घेतला.

शिहो वाट बघत होती. आईचं काहीतरी येणार आणि ते आलं की आपण दार आपटून खोलीत जायचं, हे तिनं नऊ दिवस मनाशी ठरवून ठेवलं असणार. दारापर्यंत तिचा हात गेलासुद्धा होता.

"बरं," चिझुरू म्हणाली.

एवढंच. शिहो तशीच उभी राहिली, आणखी वाट बघत. पातेलं खदखदत होतं. मग तिचा चेहरा वाकडा झाला आणि लग्न मोडल्यापासून पहिल्यांदाच ती आईसमोर रडायला लागली, लहान पोरीसारखी, नाक ओढत, मोठ्यानं. चिझुरूनं उठून गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन काही न बोलता बसून राहिली.